बारा मिनिटांची समता

मार्च जवळ आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालये, पंचायत समितीची सभागृहे आणि बचत गटांचे मेळावे यांत एकदम चैतन्य येते. पांढरा पडदा ताणला जातो, प्रोजेक्टर कोणाकडून तरी मागून आणला जातो, खिडक्यांना चादरी लावून अंधार केला जातो आणि स्त्री-पुरुष समतेवरचे लघुपट दाखवले जातात. त्यांतला अदलाबदलीचा प्रकार सर्वांचा लाडका. त्यात नवरा बाईची कामे करतो, बायको बाप्यासारखी वागते आणि बारा मिनिटांत समाजाचे डोळे उघडतात. तेराव्या मिनिटाला दिवे लागतात.

अशा लघुपटांनी काहीच बदलत नाही, असे म्हणून नाक मुरडणारी काही मंडळी अलीकडे दिसू लागली आहेत. हा आक्षेप अन्यायाचा आहे. काहीही न बदलणे हा या लघुपटांचा दोष नसून मुख्य गुण आहे. ज्या समाजाला सुधारणेची हौस आहे पण सवड नाही, त्याच्यासाठी याहून सोयीचा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही. हे सुज्ञ नागरिकांपुढे शांतपणे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम या लघुपटांची रचना पाहू. पहाटे गजर होतो आणि नवरा उठतो. खांद्यावर टॉवेल, तोही पदरासारखा घेतलेला. तो कणीक मळतो, दूध उतू घालवतो, मुलाचा डबा विसरतो. बायको खुर्चीत पाय पसरून पेपराआडून ‘चहा झाला का?’ असे विचारते. पोळी करपते. सभागृहात हशा पिकतो. मागच्या रांगांतल्या बायकाही हसतात. घरी पोळी करपते तेव्हा हा विनोद त्यांना कधी सापडलेला नसतो. पुढे बसमध्ये बायका त्या नवऱ्याला धक्के देतात, संध्याकाळी बायको ‘दिवसभर घरी बसून तू करतोस तरी काय?’ असे विचारते, आणि तो दचकून जागा होतो. सगळे स्वप्न असते. ओलावल्या डोळ्यांनी तो झोपलेल्या बायकोकडे पाहतो, उठतो आणि तिच्यासाठी एक कप चहा करतो. बासरी वाजते. टाळ्या.

या शेवटातले शहाणपण वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. स्वप्न असल्यामुळे त्याची अंमलबजावणी करावी लागत नाही. चहा एकच कप असल्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणी त्याची वाट पाहत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुराव्याचा प्रश्न सुटतो. ती बाई गेली पंधरा वर्षे त्याच घरात, त्याच ओट्यापाशी, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हेच सांगत असते. पण ते गाऱ्हाणे असते. नवऱ्याला तेच एका रात्रीत, झोपेत का होईना, स्वतः सोसावे लागले की त्याचा साक्षात्कार होतो. बाईचे दुःख सिद्ध व्हायला पुरुषाची साक्ष लागते, हे तत्त्व इतक्या हळुवारपणे, बासरीच्या साथीने, दुसरा कोणता कलाप्रकार पटवून देऊ शकेल?

निर्मितीतही हाच समतोल राखलेला असतो. नायक कणीक मळण्याचा प्रसंग तीनदा चित्रित होतो, कारण त्याच्या हाताला ती सवय नसते. चित्रीकरणाच्या दिवशी सगळ्या चमूला दुपारी गरम जेवण मिळते, चार वेळा चहा होतो. ते कोणी केले, भांडी कोणी घासली, हे अखेरच्या नामावलीत येत नाही. ते योग्यच आहे. अशी नावे घालायची म्हटली तर नामावली लघुपटाहून लांबेल आणि विषयांतर होईल.

या मार्गाचे मोल कळण्यासाठी इतरांनी पत्करलेल्या अविचारी मार्गांकडे पाहावे. आपल्याच विदर्भात, बुलढाण्याला, ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ नावाचे पुस्तक लिहिले. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला नीतीचे पाठ द्यायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी स्त्रियांना चिकटवलेला एकेक दुर्गुण उचलला आणि तो पुरुषांच्या अंगाला लावून पाहिला. अदलाबदल म्हणतात ती हीच. पण त्यात स्वप्न नाही, चहा नाही, शेवटी कोणी जागे होत नाही. पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या, टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली आणि ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक प्रसिद्ध केल्याचे कोठे आढळत नाही. बाईने स्वतः बोलायचे ठरवले की असा रसभंग होतो.

परदेशातही हेच. एलेओनोर पुरियाट या फ्रेंच दिग्दर्शिकेने २०१० मध्ये असाच एक लघुपट केला आणि तो २०१४ मध्ये जगभर पाहिला गेला. त्यात मुलाला सांभाळणारा एक बाप दिवसभर बायकांचे टोमणे आणि नजरा सोसतो, पुढे त्याच्यावर हल्ला होतो, आणि शेवटी त्याची स्वतःची बायकोच त्याला बोल लावते. हा माणूस जागा होत नाही, कारण तो झोपलेलाच नसतो. प्रेक्षक सभागृहातून अस्वस्थ होऊन बाहेर पडतो. अशी अस्वस्थता घेऊन माणसाने घरी जावे, आणि घरी तर त्याची बायको जेवण वाढायला थांबलेली असावी, हे कोणत्याही यजमान संस्थेला परवडणारे नाही. आपल्या निर्मात्यांनी ही चूक टाळली याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

आता परिणामांबद्दल. आक्षेपकांना आकडे हवे असतात, तर आकडे आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात अशा कामाला हात लावणारे पुरुष शेकडा २६ आणि स्त्रिया शेकडा ८१. मधल्या पाच वर्षांत गावोगावी मोबाईलचे कॅमेरे आले, अदलाबदलीच्या लघुपटांचे पीक अमाप आले. मग २०२४ ची पाहणी झाली. पुरुषांची ९७ मिनिटे ८८ वर आली होती. स्त्रियांची २८९ झाली. उगाच कोणी हे अपयश समजू नये. पूर्वी पुरुषाला घरकाम कळावे म्हणून ते करावे लागे. आता ते पाहून भागते. वाचलेल्या नऊ मिनिटांत जवळजवळ एक लघुपट पाहून होतो.

बाईची भूमिका पुरुषाने केली तरच तिला शोभा येते, ही समज आपल्याकडे जुनी आणि प्रतिष्ठित आहे. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती हवी होती. बाई मिळेना. अखेर मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले, दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये पगार ठरला आणि आपल्या चित्रपटसृष्टीला पहिली नायिका लाभली. लोकांना खाऊ घालण्याचे ज्याला दहा रुपये मिळत होते, त्याला बाई होण्याचे पंधरा मिळाले. ही दोन्ही कामे जन्मभर करणाऱ्या बाईला दोहोंचे मिळून काय मिळत असे, हा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही आणि तो मांडण्याचे आपल्यालाही कारण नाही.

साळुंक्यांनी चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. स्त्री-पुरुष ऐक्याचा याहून काटकसरीचा नमुना सापडणे कठीण. सीतेला जे विचारायचे ते रामाने स्वतःलाच विचारावे आणि तिच्या वतीने होकार द्यावा. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर आले तेव्हा तर नऊवारी कशी नेसावी आणि गजरा कसा माळावा हे घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून शिकू लागल्या. बाई कसे असावे हे बाईला पुरुषाकडूनच नीट कळते. या सगळ्यात पुरुषांना काहीच सोडावे लागले नाही असेही नाही. बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, असा पेच फाळक्यांच्या नटांना पडला होता आणि तो त्याग त्यांनी केला. समतेच्या इतिहासात पुरुषांनी केलेल्या त्यागांची यादी पुढेमागे कोणी केलीच, तर मिशीचे नाव वरच्या बाजूला येईल.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही दंडार आणि खडी गंमत या लोककलांत पुरुषच लुगडे नेसून नाचत आले. पुढे मात्र झाडीपट्टीच्या नाटकांनी घाई केली. दिवाळीनंतर धान निघाले की वडशाच्या नाटक कंपन्यांचे ट्रक गावोगाव निघतात, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही, आणि त्या रंगमंचावर आता बाईची भूमिका बाईच करते. या रंगभूमीचे मोल दिल्लीलाही कळले आणि २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. परंतु म्हणून जुनी कला लोपली असे समजून कोणी हळहळू नये. रंगमंचावरून ती उतरली ती थेट ग्रामपंचायतीत गेली, आणि तिथे तिला पाच-पाच वर्षांचे प्रयोग मिळू लागले.

पंचायत राज्यात स्त्रियांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेले. गावोगावी सरपंचबाई निवडून आल्या आणि त्यांच्या मागोमाग सरपंचपती हे पद, कोणत्याही कायद्यात नसताना, कोणतीही जाहिरात न देता, तातडीने भरले गेले. शासनाचे दुसरे कोणते पद इतक्या लवकर भरले जाते? फलकावर नाव बाईंचे असते आणि मोबाईल क्रमांक भाऊंचा. खुर्चीत भाऊ, मासिक सभेत भाऊ, तहसीलला भाऊ, घरकुलाच्या यादीवर बोट ठेवायला भाऊ. तालुक्याहून साहेब आले की ‘सरपंचसाहेब, बसा’ असे म्हणून त्यांनाच खुर्ची देतात. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरी जातो आणि ‘वहिनी, इथं सही’ म्हणतो. वहिनी पिठाचे हात पदराला पुसतात आणि सही करतात.

या व्यवस्थेवर टीका करणारे तिचे कलामूल्य विसरतात. लघुपटातला नवरा बारा मिनिटे बाई होतो आणि बक्षीस घेऊन जातो. हे गृहस्थ सलग पाच वर्षे बाईची भूमिका करतात, मानधन नाही, मेकअप नाही, आणि मिशीही काढावी लागत नाही. फाळक्यांना बाई मिळत नव्हती, ही निदान सबब तरी होती, जरी १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी ती खोडून काढली. आमच्याकडे तर तीही सबब नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तेव्हा गडचिरोलीत ९८२ होत्या. पुण्या-मुंबईच्या ज्या वाचकांना जंगलातले जिल्हे मागासलेले वाटतात, त्यांनी हा आकडा जमल्यास दोनदा वाचावा. म्हणजे बायकांची टंचाई मुळीच नव्हती. तरीही भाऊंनी ही भूमिका स्वतः करायचे ठरवले, यात त्यांची कलेवरची निष्ठा दिसते.

काही गावे याला अपवाद आहेत हे खेदाने नमूद केले पाहिजे. तिथल्या बाई स्वतःच खुर्चीत बसतात, रस्त्याचे अंदाजपत्रक वाचतात, पाण्याच्या टाकीला मंजूर झालेले पैसे कुठे गेले असे ग्रामसेवकाला भर सभेत विचारतात. अशा गावांत भाऊंच्या कलेला वाव राहत नाही. ते शेतावर जातात. एका कलावंताचा हा असा अंत होतो आणि त्याची कोणी दखल घेत नाही.

दिल्लीने मात्र दखल घेतली. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने या पतिदेवांचा प्रश्न अभ्यासण्यासाठी २०२३ मध्ये समिती नेमली, समितीने २०२५ च्या सुरुवातीला कडक शिक्षेची शिफारस केली, आणि मग मंत्रालयाने अधिक परिणामकारक उपाय योजला. त्याने एक लघुपट काढला. ‘असली प्रधान कौन?’ हे त्याचे नाव; ‘पंचायत’ ही लोकप्रिय मालिका करणाऱ्या कंपनीने तो बनवला, नीना गुप्ता त्यात आहेत, आणि ४ मार्च २०२५ रोजी विज्ञान भवनात देशभरातून आलेल्या महिला लोकप्रतिनिधींपुढे तो दाखवला गेला. ज्या बायकांना आपल्या जागी नवरे बसतात हे ठाऊक नव्हते, त्यांना ते त्या दिवशी कळले असावे. ज्या नवऱ्यांना ते कळायला हवे होते, ते गावीच होते. कारभार कोणी पाहायचा?

त्याच आठवड्यात शेजारच्या छत्तीसगडमध्ये कबीरधाम जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत सहा बायका पंच म्हणून निवडून आल्या आणि शपथ त्यांच्या सहा नवऱ्यांनी घेतली. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि ते देशभर पाहिले गेले. आमच्या मते अदलाबदलीच्या साऱ्या लघुपटांत हा सर्वश्रेष्ठ ठरावा. पटकथा नाही, पार्श्वसंगीत नाही, उपदेश नाही. गळ्यात हार घातलेले पुरुष ओळीने उभे, कोणाच्याही चेहऱ्यावर आपण काही वेगळे करत आहोत याचा मागमूस नाही. इतका सहज अभिनय मुरलेल्या नटालाही जमत नाही. पुढे पंचायतीच्या सचिवाला निलंबित करण्यात आले. नटांचे काम चांगले वठले की शिक्षा प्रॉम्प्टरला होते, ही नवीन प्रथा आहे.

इथे कोणी अडाणीपणाने विचारील की अदलाबदल दोन्ही बाजूंनी व्हायला हवी; पुरुष बाईच्या जागी बसला तर बाई पुरुषाच्या जागी कुठे आहे? ती आहे. फक्त तिथे कॅमेरा नेलेला नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे तीन-चारला उठून ती जंगलात असते. दुपारी घरी येऊन पानांचे पुडे बांधते, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रांगेत उभी राहते आणि रात्री चुलीपाशी. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफुले वेचते, जुलै-ऑगस्टात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करते. बांधीत चिखलणी करणाऱ्या बाप्याची रोजी जास्त आणि रोवणी करणाऱ्या बाईची कमी, हा फरक गावात सर्वांना ठाऊक आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तेही काहींना ठाऊक आहे. एखादी गोष्ट बायका रोजच करू लागल्या की ती अदलाबदल न राहता रीत होते, आणि रीतीवर लघुपट निघत नाही.

जंगल ही बाप्याची जागा, असे लघुपटांत दाखवतात. खाकी गणवेश, हातात काठी, मागे सागाची झाडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात वाघांच्या पाऊलखुणा नोंदवायला निघालेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मारली गेली. ती बाई होती. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, हे त्याच्याबद्दल म्हणावे लागेल. शासनही अशा वेळी करत नाही. जिची रोजी जिवंतपणी बाप्याहून कमी धरली जात होती, तिच्या मृत्यूची भरपाई पूर्ण २५ लाख रुपये मंजूर होते. पूर्ण समतेचा हा एक प्रसंग आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नियमाने उपलब्ध आहे. फक्त तो पाहायला ती स्वतः नसते, आणि रक्कम बहुधा भाऊंच्या खात्यात जमा होते.

बायकांनी उघडपणे पुरुषी थाटात काही करून पाहिल्याचे उदाहरण हवे असेल तर दारूबंदीचे घ्या. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली बंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यात तशीच बंदी हवी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी यांच्यासह हजारो बायका चिमूरहून पायी नागपूरला विधिमंडळावर गेल्या. रस्त्यावर बाया, घरी बाप्ये; एवढी मोठी अदलाबदल कोणा दिग्दर्शकाला साधली नसती. सरकारने तिचा मान राखला, समिती नेमली, विचार केला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू केली. मग आणखी एक समिती नेमली, आणखी विचार केला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. बायकांना चालत नागपूर गाठावे लागले होते. बंदी उठवण्यासाठी कोणाला चंद्रपूरहून कुठेही चालत जावे लागल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय बायकांसाठी आडव्या बाटलीचा मार्ग खुला आहेच. गावातले दुकान बंद करायचे तर मतदान होते, आणि मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या. जी परगावी कामाला गेली, जी बाळंतीण आहे, जी मेली पण यादीतून निघाली नाही, ती प्रत्येक उभ्या बाटलीच्या बाजूची. याच हिशेबाने आमदार निवडायचे ठरवले तर विधानसभा बरीचशी रिकामी राहील. पण आमदारकी आणि देशी दारूचे दुकान यांची तुलना योग्य नाही. दुकानाला लोकांचा विश्वास जास्त लागतो.

अदलाबदलीच्या कलेला एक नैसर्गिक मर्यादा आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही भूमिका पुरुषाला करताच येत नाहीत. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावे लागते. पावसाळ्यात तिथे पाणी गळते, सापा-विंचवाची भीती असते. शहरातल्या सुशिक्षित घरांत असे कुर्माघर नसते. तिथे फक्त देवघर, लोणच्याची बरणी आणि सत्यनारायणाचा प्रसाद एवढ्यांपासून तिला लांब ठेवतात, आणि जंगलातल्या प्रथेविषयी हळहळतात. या विषयावर अदलाबदलीचा लघुपट काढायचा तर नायकाला पाळी यावी लागेल. ते होत नाही तोवर विषय सुरक्षित आहे.

तसेच आजारपणाचे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. शेकडा ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या होत्या शेकडा ८. जगाने हे वाचले आणि बायकांचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे हे मान्य केले. पण यातही बाईने सोसले, बाईने तपासले आणि बाईने सांगितले. मध्ये कुठे स्वप्न पाहणारा नवरा नाही, त्याचा साक्षात्कार नाही, एक कप चहा नाही. पडद्यासाठी त्यात काहीच नव्हते.

एकंदर विचार करता, लघुपट, रंगभूमी आणि ग्रामपंचायत या तिन्ही क्षेत्रांत आपण एक नियम कसोशीने पाळला आहे: बाईच्या भूमिकेत जिथे सही, शिक्का, हार, टाळी किंवा बक्षीस असेल तिथे ती पुरुषाने करावी. तो मोडावा असे सुचवण्याचा येथे बिलकुल हेतू नाही. उलट, इतकी गुणी नटमंडळी गावोगावी असताना बाईच्या बऱ्याच भूमिका अजून पुरुष नटाविना पडून आहेत, याकडे फक्त लक्ष वेधायचे आहे. यंदाच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात सरपंचबाई अध्यक्षस्थानी असतील आणि त्यांचे भाषण भाऊ करतील, तेव्हा भाषणाच्या शेवटी पुढील निवेदन वाचून दाखवावे, ही विनंती.

पात्रे पाहिजेत. तेंदूपत्ता तोडण्यासाठी, मे महिना, वेळ पहाटे साडेतीन, वाघाचा वावर असलेला भाग. रोवणीसाठी, जुलै ते ऑगस्ट, दिवसभर वाकून, रोजी बाईची. मोहफुले वेचण्यासाठी, डोक्यावर सरपण आणण्यासाठी, आणि घरी परतल्यावर २८९ मिनिटांच्या एका दैनंदिन भूमिकेसाठी, जिचा प्रयोग रविवारी आणि सणालाही असतो. मानधन नाही. नामावलीत नाव येणार नाही. स्वप्न नसल्यामुळे मध्येच जागे होण्याची सोय नाही. गावातील सर्व अनुभवी कलावंतांनी, विशेषतः ज्यांना पत्नीच्या जागी काम करण्याचा पाच वर्षांचा अनुभव आहे अशांनी, ग्रामपंचायतीत अर्ज करावेत. मिशी ठेवली तरी चालेल.